ओढ्यापलीकडची मजुरी

"देवानं पुरुषाला खांदे दिले ते काठीसाठी आणि बाईला गुडघे दिले ते भुईसाठी! ही व्यवस्था माझ्या पणज्याच्या आधीपासून चालत आलीय, आणि उद्या आभाळ खाली आलं तरी ती बदलायची नाही!"

मुकादम मेलितोननं हे जाहीर केलं तेव्हा तो गुरांच्या दगडी हौदाच्या काठावर उभा होता. हंगामाचा पहिला दिवस होता आणि पहिल्या दिवशी टोळीला चार शब्द सांगायचे असा त्याचा शिरस्ता होता. रात्री हिमकण पडून हौदाचा काठ काचेसारखा झाला होता. 'बदलायची नाही' म्हणताना मेलितोननं हात उंचावला, त्याचा पाय सुटला आणि तो टोळीसमोर दोन्ही गुडघ्यांवर येऊन पडला.

"अगं बाई, देवानं यांनाही दिलेत की!" ब्रिहिदा मावशी म्हणाली. "या इकडं, मेलितोन. माझ्या शेजारी जागा ठेवते."

बावीसच्या बावीस माणसं हसली. मेलितोन उठला, पाटलोण झटकली आणि म्हणाला, "चला, झाडं वाट बघतायत." ऑलिव्हची झाडं कुणाचीच वाट बघत नव्हती. ती डोंगरउतारावर ओळीनं उभी होती, मालक फुल्हेन्सियो यांच्या ला उम्ब्रिया मळ्यात, आणि फळांनी काळी झाली होती.

या मळ्यावर माणसं एकेकटी मोजत नसत, जोडीनं मोजत. पुरुष काठीनं फांद्या झोडपणार, बाई खाली गळलेलं ऑलिव्ह वेचणार. एकटी बाई काम मागायला आली की मेलितोन आधी तिच्या पाठीमागं बघायचा, जणू वाटेत तिच्याकडून पुरुष कुठंतरी सांडलाय. ब्रिहिदा मावशीचा नवरा मरून बारा वर्षं झाली होती. ती आपल्या बहिऱ्या दिराला, रुफोला, पुढं घालून यायची. रुफोला काठी कशी मारायची ते येत होतं, कधी थांबायचं ते ऐकू येत नव्हतं. पण जोडी होती. पुरुषाला दिवसाचे आठशे पेसेता, बाईला सहाशे, आणि शनिवारी दोघांचे मिळून एकाच पाकिटात, पुरुषाच्या हातात. पाकिटावर नाव असायचं: 'कुस्तोदियो आणि बायको'.

त्यातली बायको म्हणजे तीस्कार. ती अडतीस वर्षांची होती आणि त्यातले चोवीस हिवाळे तिनं या उतारावर चार पायांवर काढले होते. गुडघ्यांना ती जुन्या टायरच्या ट्यूबचे तुकडे बांधायची. बोटांना ओकच्या फळांच्या टोप्या घालायची, कारण गोठलेल्या मातीत नखं आधी पांढरी पडतात, मग निळी, आणि मग दुखायची थांबतात, हे सगळ्यात वाईट. सकाळी नऊपर्यंत एकेक ऑलिव्ह मातीला चिकटलेलं असायचं. ते उकरून काढायचं, पाटीत टाकायचं, पाटी पुढं सरकवायची, आपण पाटीमागं सरकायचं. वरून नवऱ्याच्या काठीनं फळं पाठीवर गारांसारखी पडायची. कुस्तोदियो चांगला काठीवाला होता. त्याच्या काठीनं फळ पडायचं, कोवळी डहाळी मोडायची नाही. "ज्यानं डहाळी मोडली त्यानं पुढच्या सालचं जेवण मोडलं," असं तो म्हणायचा आणि इतरांच्या झाडांखाली पडलेल्या डहाळ्या पायानं उलटवून बघायचा. त्यामुळं इतरांना तो फारसा आवडत नसे.

नवव्या दिवशी तो एका म्हाताऱ्या झाडाच्या बेचक्यात उभा राहून वरचा शेंडा झोडपत होता. साल ओली होती. तो पडला तेव्हा तीस्कारची पाठ त्याच्याकडं होती. तिला वाटलं फळांचं पोतं पडलं. मग पोतं ओरडलं.

हाड बसवायला वरच्या वाडीतला एक धनगर होता. त्यानं कुस्तोदियोला जमिनीवर निजवलं, त्याच्या काखेत टाच रोवली आणि हात ओढला. खांदा जागेवर गेला. हात मात्र छातीच्या वर जाईना. "वसंतापर्यंत जाईल," धनगर म्हणाला. कुठला वसंत ते त्यानं सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी दोघं पहाटे शेकोटीजवळ येऊन उभे राहिले. छाटलेल्या फांद्यांचा जाळ होता, माणसं पावाच्या पोटात भोक पाडून त्यात तेल ओतत होती. मेलितोननं कुस्तोदियोच्या गळ्यात बांधलेल्या हाताकडं बघितलं आणि मग स्वतःच्या बुटांकडं.

"जोडी मोडली, तीस्कार. माझं काही म्हणणं नाही. पण मालकांचा नियम."

"कुठं मोडलीय? दोघं तुमच्यासमोर उभे आहोत."

"काठी कोण मारणार?"

"मी."

"आणि भुईवरचं?"

तीस्कारनं नवऱ्याकडं बघितलं. नवऱ्यानं जाळाकडं बघितलं.

मेलितोननं बोटं मोजली. एक काठी. एक पाटी. एक पुरुष, एक बाई. सगळं होतं, फक्त इकडचं तिकडं झालं होतं. चूक कुठं आहे ते सापडेना, म्हणून तो रागावला. "तीन दिवस बघतो," तो म्हणाला. "एक जरी डहाळी मोडली तर दोघं घरी."

काठी चेस्टनटच्या लाकडाची, अडीच माणूस लांब. पहिल्या तासात तीस्कारच्या मानेत कळ भरली, दुसऱ्या तासात सालीचा कचरा डोळ्यांत गेला, तिसऱ्या तासानंतर हात आपले आहेत की काठीचे हे तिला कळेना. फळं तोंडावर पडत होती. चोवीस वर्षं ती पाठीवर पडत आली होती. तोंडावर पडणं वेगळं होतं.

"हातानं नको मारूस," खालून कुस्तोदियो पुटपुटला. त्यानं मान वर केली नव्हती. "कमरेनं मार. काठी नुसती सोबत जाऊ दे."

"अशी?"

"आतून बाहेर. बाहेरून आत मारलीस तर डहाळी मोडेल."

"आता?"

"हं." पाटीत चार फळं टाकून तो म्हणाला, "बरी आहे."

तो स्वतः एका हातानं वेचत होता. ओकच्या टोप्या त्याच्या बोटांत जाईनात.

"लेकरा, तुझ्या मापाच्या टोप्यांसाठी वेगळं झाड लावायला पाहिजे," ब्रिहिदा मावशी म्हणाली आणि आपल्या पदरची जुनी गोणपाटाची पट्टी फाडून तिनं त्याच्या बोटांना गुंडाळली. तिच्या बोलण्यात खोट नव्हती. पण शेजारच्या झाडावरचा हासिन्तो गप्प बसेना.

"कुस्तोदियो! खाली हवापाणी कसं आहे?"

कुस्तोदियोनं पाटी पुढं सरकवली.

"नाही, म्हटलं आमच्या बायकांना विचारायचं होतं, नवीन मैत्रीण कशी आहे!"

उतारावरून हसू घरंगळत गेलं. कुस्तोदियो वेचत राहिला. तो फार हळू वेचत होता, आणि संध्याकाळी तीस्कारनं काठी टेकवून त्याच्या झाडाखालचं उरलेलं अर्धं वेचून दिलं. त्यानं तेही पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

तीन दिवसांत डहाळी मोडली नाही. शनिवारी पाकीट आलं: 'कुस्तोदियो आणि बायको'. जो गुडघ्यांवर होता त्याला आठशे, जिच्या हातात काठी होती तिला सहाशे. घरात दिवसाचे एकूण चौदाशे यायचे ते आलेच. तीस्कारला तेव्हा खरंच काही वाटलं नव्हतं. मान दुखत होती.

मग टोळी ओढ्यापलीकडं गेली.

ला उम्ब्रियाच्या मधोमध सालादो नावाचा ओढा वाहतो. घोट्याइतकं पाणी, त्यावर चार फळ्या. दोन्हीकडची माती तीच, झाडं एकाच आजोबांनी लावलेली, मालक एकच. फक्त ओढा ही दोन प्रांतांची हद्द होती. हे ओढ्याला ठाऊक नव्हतं, झाडांना नव्हतं आणि खरं सांगायचं तर टोळीतल्या कुणालाही त्याची कधी गरज पडली नव्हती. पण इतकी वर्षं देश मुठीत ठेवणारा जुना जनरल मरून दोन वर्षं झाली होती आणि देशात नवं वारं सुटलं होतं. त्या वाऱ्यात प्रत्येक प्रांतानं मजुरीचा आपापला करार टाइप करून घेतला होता. अलीकडच्या करारात लिहिलं होतं: पुरुष आठशे, बाई सहाशे. पलीकडच्या करारात लिहिलं होतं: काठी मारणारा आठशे, भुईवर वेचणारा सहाशे. आकडे तेच. पलीकडच्या कागदावर पुरुष आणि बाई हे शब्दच नव्हते. कुणी ते शहाणपणानं गाळले होते की काठी मारणारी बाई ही गोष्टच कुणाच्या डोक्यात आली नव्हती, हे सांगता येत नाही. माझा कौल दुसऱ्या कारणाला आहे.

पलीकडं मजुरी वाटायला मेलितोन नव्हता, वजनकाट्याचा कारकून होता. चष्मा लावायचा, कुणाशी बोलायचा नाही आणि कागदावर असेल तेच करायचा. शनिवारी दुपारी टोळी त्याच्या खिडकीसमोर उभी राहिली.

"काम?" त्यानं विचारलं.

"काठी," तीस्कार म्हणाली.

कारकुनानं चष्म्यावरून बघितलं, मग कागदाकडं बघितलं. कागदात काही अडचण नव्हती. "नाव?"

"तीस्कार."

त्यानं पाकिटावर नाव लिहिलं, सहा दिवसांचे आठशेप्रमाणे भरले आणि पाकीट तिच्या हातात दिलं. "पुढचा. काम?"

पुढचा कुस्तोदियो होता. त्यानं काम सांगायच्या आधीच मागून हासिन्तोनं सांगितलं. सहाशेप्रमाणे भरलेलं पाकीट घेऊन कुस्तोदियो खिडकीपासून बाजूला झाला आणि सगळी टोळी आपल्याला बघतेय अशा चालीनं चार फळ्या ओलांडून गेला. टोळी बघतच होती.

घरी त्यानं दोन्ही पाकिटं टेबलावर ठेवली. तीस्कार चुलीशी होती. तिनं वळून बघितलं तर तो डाव्या हातानं, जिभेचं टोक बाहेर काढून, नोटांची अदलाबदल करत होता. तिच्या पाकिटातल्या आपल्यात, आपल्यातल्या तिच्यात. झाल्यावर त्यानं दोन्ही पाकिटं एकावर एक ठेवली, पिठाच्या डब्यामागं सारली आणि म्हणाला, "घरात एकूण तेवढेच आले."

"तेवढेच," ती म्हणाली.

रात्री भांडं शोधायच्या निमित्तानं तिनं डबा सरकवला आणि 'तीस्कार' लिहिलेलं पाकीट नुसतं बघितलं. कारकुनाचं अक्षर वाईट होतं. पण त्यात 'आणि' नव्हतं.

पलीकडं तीन आठवडे काम चाललं. तेवढ्यात तिच्या तळहातांना घट्टे पडले, खांद्यात गाठ बसली आणि काठी कमरेनं मारायची म्हणजे काय ते तिच्या कमरेला कळलं. कारकून दर शनिवारी पाकीट तिच्या हातात द्यायचा आणि कुस्तोदियो दर शनिवारी नोटा बदलायचा. मग जानेवारीत पाऊस आला, पलीकडच्या रस्त्यावर चिखल झाला, ट्रॅक्टर रुतायला लागला, आणि मेलितोननं टोळी परत अलीकडं आणली. चार फळ्यांवरून. शनिवारी पाकीट आलं: 'कुस्तोदियो आणि बायको'.

यावेळी तीस्कारनं ते कुस्तोदियोच्या हातातून काढून घेतलं आणि मेलितोनसमोर धरलं.

"मेलितोन, मी परवा पलीकडं होते तेव्हा काठीचे आठशे होते."

"ते पलीकडं."

"काठी तीच आहे."

"हो."

"झाडं तीच. मालक तेच. मी तर तीच आहे ना?"

"तसं दिसतंय."

"मग मी ओढा ओलांडला तेव्हा दोनशे कुठं पडले? पाणी घोट्याएवढं आहे. जाऊन शोधते."

बायका हसल्या. या वेळचं हसू वेगळं होतं; मेलितोनला ते ओळखू आलं आणि आवडलं नाही. "अगं, तुझ्या घरात तेवढेच जातायत ना? नवऱ्याच्या हातून गेले काय..."

"मी घरातलं नाही विचारत. काठीचं विचारतेय."

"तीस्कार," कुस्तोदियो खालच्या आवाजात म्हणाला, "जाऊ दे."

"तू गप बस जरा."

तो गप बसला. सगळ्यांसमोर. तीस्कारला ते तेव्हा कळलं नाही. घरी जाताना तो तिच्यापुढं वीस पावलं चालत राहिला तेव्हा कळलं.

सोमवारी सकाळी आणखी तीन बायकांनी काठ्या मागितल्या. त्यातली एक हासिन्तोची बायको होती. "मला काही विशेष नको," ती म्हणाली, "नुसतं बघायचंय की वरून यांना 'खाली हवा कशी आहे' विचारायला कसं वाटतं."

मेलितोन पायी मालकांच्या घरी गेला.

मालक फुल्हेन्सियो बुधवारी आले. जीपमधून उतरले, शेकोटीशी हात शेकले, सगळ्यांना घरच्यांची खुशाली विचारली आणि तीस्कारला पुढं बोलावलं. गोड माणूस. त्यांचा आवाज कुणी कधी चढलेला ऐकला नव्हता; त्यांना गरजच पडायची नाही.

"तुझं म्हणणं मला मेलितोननं सांगितलं. पण तुझ्या तोंडून ऐकू दे."

तीस्कारनं सांगितलं. ओढा, फळ्या, दोनशे. तिनं ते पूर्ण सांगितलं. मालकांनी मान हलवत ऐकलं. मध्ये एकदाही तोडलं नाही.

"बाई बरोबर बोलतेय," ते टोळीकडं वळून म्हणाले. "एकाच जमिनीवर, एकाच कामाला, पुरुषाला एक आणि बाईला एक, हे या काळात शोभत नाही. माझी चूक झाली. कराराच्या कागदाला मी हात लावू शकत नाही, तो प्रांताचा आहे. पण शब्द देतो. सोमवारपासून ला उम्ब्रियावर ओढ्याच्या कुठल्याही तीराला पुरुषाच्या आणि बाईच्या मजुरीत एका पेसेताचा फरक दिसणार नाही."

टाळ्या पडल्या. मालकांनी जीपमधून दारूची कातडी पिशवी काढली, ती हातोहात फिरली. हासिन्तोही प्याला. ब्रिहिदा मावशी दोनदा प्याली. त्या संध्याकाळी तीस्कार घराकडं चालली तेव्हा बायका तिच्यासोबत होत्या आणि कुणीतरी तिची काठी वाहून नेत होतं. कुस्तोदियो दारात उभा होता. "बोललीस म्हणे मालकांपुढं," तो म्हणाला. मग तिला आत यायला बाजूला होत, "बरं बोललीस." नोटा बदलायचं बंद करीन असं तो म्हणाला नाही, पण त्या रात्री तो बऱ्याच दिवसांनी तिच्याकडं तोंड करून झोपला.

सोमवारी मेलितोन कागद घेऊन शेकोटीशी उभा होता. या वेळी तो हौदावर चढला नव्हता.

"अलीकडची टोळी," त्यानं वाचलं. त्यानं अकरा नावं वाचली. अकराही बायकांची होती. काठीवर सहा, भुईवर पाच. "मजुरी सहाशे. सगळ्यांना सारखी."

"आणि पुरुष?" कुणीतरी विचारलं.

"अलीकडं पुरुष नाहीत." तो कागदावरून वर बघत नव्हता. "मालक म्हणाले, बाई काठी मारते, डहाळी मोडत नाही, हे तीस्कारनं दाखवून दिलं. मग सहाशेत होतं त्याला आठशे कशाला?"

मेलितोननं कागद उलटला.

"पलीकडची टोळी. तिकडचा रस्ता वाळलाय." त्यानं आठ पुरुषांची नावं वाचली. "सगळे काठीवर. मजुरी आठशे. भुईवरचं वेचायचं नाही, खाली जाळ्या अंथरायच्या आणि ओढायच्या."

"तिकडं बायका?" हासिन्तोच्या बायकोनं विचारलं.

"तिकडं काठीला आठशेच, बाई असो की पुरुष. मालक म्हणाले, पुरुषाच्या भावात बाई कशाला घ्यायची?"

तीस्कारनं मनात नावं मोजली. अकरा जोड्या होत्या. अकरा बायका इकडं. आठ पुरुष तिकडं. तीन पुरुष कागदात नव्हते. एक बहिरा रुफो. एक साठीचा म्हातारा, ज्याला आता जाळी ओढवत नव्हती. आणि एक जण, ज्याचा हात छातीच्या वर जात नव्हता.

हासिन्तोच्या घरात काल चौदाशे येत होते, आजही चौदाशेच येणार होते. आठ घरांचं काही गेलं नव्हतं, म्हणून आठ घरांतली माणसं काठ्या उचलून आपापल्या तीराला चालती झाली. ती वाईट नव्हती. जाताना हासिन्तो कुस्तोदियोपाशी थांबला, त्याच्या चांगल्या खांद्यावर हात ठेवला आणि काही तरी विनोदी बोलायला तोंड उघडलं. मग मिटलं आणि गेला. ते फार वाईट झालं. त्यानं चेष्टा केली असती तर बरं, असं तीस्कारला वाटलं.

रुफोला कुणी काही सांगितलं नव्हतं. तो काठी घेऊन झाडाखाली जाऊन उभा राहिला होता. ब्रिहिदा मावशीनं त्याच्या हातातली काठी काढून घेतली, त्याला घराची दिशा दाखवली आणि दोन हातांनी ढकललं, तरी तो पुनःपुन्हा मागं वळून झाडाकडं बोट दाखवत होता.

"मावशी," तीस्कार म्हणाली, "माझ्यामुळं झालं."

"तुझ्यामुळं कशाला. तू म्हणालीस ते खरंच होतं." मावशी गुडघ्यांना ट्यूबचे तुकडे बांधत होती. "मी त्या दिवशी टाळ्यासुद्धा वाजवल्या. दोनदा दारू प्यायले."

"मालकांकडं परत जाऊ का?"

"जाऊन काय सांगशील? की फरक परत आणा?"

तीस्कारनं त्यावर पुष्कळ विचार केला. दिवसभर काठी मारत केला. खरोखरच तिला तेच मागावं लागणार होतं.

फेब्रुवारीत प्रांताच्या कचेरीतून एक बाई आली. शहरी बूट चिखलात भरले होते, बगलेत छापील तक्ते होते. कुठल्या भागात बाईला पुरुषापेक्षा किती कमी मिळतं याची पाहणी चालू होती. बाई मनापासून काम करणारी होती. ती शेकोटीशी बसली, मावशीनं दिलेला तेलाचा पाव खाल्ला आणि पेन उघडलं.

"या मळ्यावर बायकांची मजुरी?"

"सहाशे," तीस्कार म्हणाली.

"काठीवर?"

"काठीवर सहाशे. भुईवर सहाशे."

"आणि पुरुषांची?"

"पुरुष नाहीत."

बाईनं आजूबाजूला बघितलं. खरंच नव्हते. मेलितोन सोडून, पण तो मुकादम, तो या तक्त्यात बसत नव्हता. "मग फरक..." तिनं रकाना शोधला. "शून्य."

"ओढ्यापलीकडं आहेत ना पुरुष," मावशी म्हणाली. "तिकडं आठशे."

"तिकडं बायका आहेत?"

"नाहीत."

"मग तिकडंही शून्य. आणि तसाही तो आमचा प्रांत नाही." बाईनं पेन थांबवलं. तिला काहीतरी खटकलं होतं, ते तिच्या कपाळावर दिसत होतं. तिनं तक्ता उलटा करून बघितला. मागची बाजू कोरी होती. "मला तुमचं म्हणणं कळतंय," ती म्हणाली. "पण त्यासाठी रकाना नाही."

"तुम्हाला किती देतात हो? तुमच्या कचेरीतल्या पुरुषांपेक्षा?" मावशीनं विचारलं.

"ते वेगळ्या खात्याकडं आहे," बाई म्हणाली आणि उठली. जाता जाता तिनं तीस्कारचं अभिनंदन केलं. सगळ्या डोंगरपट्ट्यात इतका चांगला आकडा तिला कुठंच मिळाला नव्हता.

त्या संध्याकाळी तीस्कार घरी आली तेव्हा अंधार पडायचा होता. दिवसभर धुकं होतं, कपडे अंगाला चिकटले होते. घरात करपल्याचा वास होता. कुस्तोदियोनं मसुरीची आमटी केली होती. एका हातानं भांडं ढवळताना दुसऱ्यानं धरता येत नव्हतं, म्हणून ती तळाला लागली होती. तो टेबलाशी उभा होता. त्यानं दाढी केली होती, अंगात लग्नातला कोट होता, दुखरा हात आत गळ्यात बांधलेला, म्हणून एक बाही रिकामी लोंबत होती.

"बस," तो म्हणाला. "मला बोलायचंय."

ती बाकावर बसली.

"तीन आठवडे मी या घरात बसलोय. मसूर निवडतोय. तू बाहेरून येतेस आणि मी विचारतो, आज किती झाडं झाली. हे माझ्या बापानं बघितलं असतं तर..." त्यानं टेबलावर हात आपटला, आमटीचं झाकण वाजलं. "सोमवारी मी प्रांताच्या मुख्य कचेरीत जाणार. पायी जाईन. तिथं जो कोण वर बसला असेल त्याच्यासमोर उभा राहीन आणि सांगेन, ओढ्याच्या या तीराला मी महाग आहे म्हणून नको, आणि त्या तीराला मोडलोय म्हणून नको, तर मी उभं कुठं राहायचं ते तुमच्या नकाशावर दाखवा! त्यानं ऐकलं नाही तर माद्रिदला जाईन. तिथंही नाही ऐकलं तर बार्सिलोनाला, कारखान्यात. एका हातानं चालवायची यंत्रं असतात म्हणे. पण या घरात तुझ्या सहाशेचा एक घास आता मी घेणार नाही. ऐकतेस? हा खांदा गेला असेल, मी गेलेलो नाही. फुल्हेन्सियोला सांग, मेलितोनला सांग, सगळ्या गावाला सांग. कुस्तोदियो अजून आहे!"

तो उभा राहून तिच्याकडं बघत होता. काहीतरी तिनं म्हणावं म्हणून.

तीस्कारनं आपले हात मांडीवरून उचलून बघितले. काठीभोवती वळलेली बोटं दिवसभरात तशीच राहिली होती, उघडत नव्हती. तिनं ती ओढून बघितली, तोंडाची वाफ देऊन बघितली. मग पाय पुढं केले.

"बरं," ती म्हणाली. "पण आधी तेवढी माझ्या बुटांची नाडी सोड."